डावा रकाना

सोमवार, ११ फेब्रुवारी

पहिला दिवस. चार तास वर्गात बसले आणि एकही माणूस माझ्याशी सरळ बोलला नाही.

मला दिलेल्या खुर्चीला मागचा एक पाय नव्हता, तिथे वीट लावली होती. मब्रूकाबाईंनी ती स्वतः दाखवली. "इथे बसायचं. हलायचं नाही. हललीस की पडशील." सहावीची एकतीस पोरं हसली. बाई हसल्या नाहीत.

त्याआधी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी माझं विद्यापीठाचं पत्र दोनदा वाचलं. पाच आठवडे, विषय 'वर्गात कोण बोलतं आणि कोण नाही', सोबत परवानगीचा कागद. मग सगळ्यांसमोर विचारलं, "तू स्वतः कधी शिकवलंयस?"

"तीन वर्षं. बदली शिक्षिका म्हणून."

"कायम का नाही झालीस?"

"परीक्षा पास झाले नाही."

"हं. ज्यांना वर्ग मिळत नाही, त्यांना वर्गातलं फार कळतं."

खिडकीपाशी कोणीतरी कपात तोंड घालून हसलं. बाईंनी सही केली. खाली एक ओळ लिहिली, मुलांची नावं लिहायची नाहीत. पेन माझ्या हातात न देता टेबलावर ठेवलं.

पंचावन्न वर्षांची बाई, डोक्याला करडा रुमाल, पायात पुरुषी बूट. या केफ गावातच माझं बालपण गेलं, असल्या बाया मी ओळखते. यांच्या हाताखालून गेलेली अर्धी पोरं आजही यांना पाहून रस्ता बदलतात.

निरीक्षणाची वही हिरव्या पुठ्ठ्याची आहे, ती शाळेत नेते. ही वही मावशीच्या घरी राहील. हिच्यात काय वाटेल ते लिहीन.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

मी शिक्षकांच्या खोलीत शिरले की बोलणं थांबतं. आज मुद्दाम दोनदा आत-बाहेर केलं. दोन्ही वेळा थांबलं. कॉफीचं भांडं सगळ्यांपुढे फिरलं, माझ्याजवळ आल्यावर रिकामं झालं.

पोरांनी माझं नाव 'पोलीसबाई' ठेवलंय. पहिल्या बाकावरची रिताज नावाची चोमडी मुलगी सुट्टीत येऊन म्हणाली, "तुम्ही लिहिता ते कोणाला दाखवता?"

"कोणालाच नाही."

"मग लिहिता कशाला?"

मुख्याध्यापक लझर सरांनी मात्र बोलावून कॉफी दिली. सबंध शाळेत तेवढा एक माणूस माणसासारखा वागला. त्यांचं दालन ऐसपैस आहे, तीन भिंतींना वरपर्यंत फळ्या. फळ्यांवर एक झेंडा आणि बक्षिसाचे दोन कप, बाकी रिकाम्या. म्हणाले, "मब्रूकाबाईंचं मनावर घेऊ नका. त्यांना शिक्षक संघटनेचा फार पुळका आहे. तीन वर्षांपूर्वी पालकांना घेऊन माझ्या दारात ठाण मांडून बसल्या होत्या."

"कशासाठी?"

"असंच. एका खोलीवरून. तुम्हाला काही लागलं तर सरळ माझ्याकडे या."

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

आठवडा संपला. दहा पानं टंकून माझे मार्गदर्शक प्राध्यापक हाशमींना ट्यूनिसला पाठवली. चांगली उतरलीत. मब्रूकाबाई पानावर अशा उभ्या राहिल्यात की वाचणाऱ्याला त्यांचा आवाज ऐकू यावा.

मावशी म्हणाली, "तू लहानपणीसुद्धा अशीच चुगलखोर होतीस." मी म्हटलं, याला संशोधन म्हणतात. "बरं," म्हणाली, आणि माझ्या हरभऱ्याच्या लब्लाबीत तिने हरीसाची तिखट चटणी जरा जास्तच घातली.

सोमवार, १८ फेब्रुवारी

हाशमींचं उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कधी स्वतःबद्दल फार चांगलं वाटायला लागलं तर वाचता येईल.

"दहा पानांत अठ्ठावीस निकाल दिलेत, आणि वर्गाची खिडकी कुठल्या बाजूला आहे हे कुठेही नाही. 'बाई वैतागल्या', म्हणजे शरीराने काय केलं? 'मुलं घाबरली', कुठली, किती, घाबरली हे कशावरून? 'दुर्लक्ष केलं', किती वेळ? तुम्ही वर्ग पाहिलेला नाही. एका बाईवर राग धरलाय आणि त्याला तारखा घातल्यात. पानाचे दोन रकाने करा. डावीकडे जे दिसलं, ऐकू आलं, तेवढंच, घड्याळासकट. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते. उजवीकडचं डावीकडे गेलं तर मला पाठवू नका."

दिवसभर कानशिलं तापली होती. हा माणूस पंधरा वर्षांत कुठल्या शाळेची पायरी चढलेला नाही.

बुधवार, २० फेब्रुवारी

रकाने आखले. हट्टानेच आखले, म्हटलं, घे तुझ्या वेळा.

वर्गाचा नकाशा काढला. चार रांगा, प्रत्येकीत चार बाक. खिडकी पूर्वेला, शेगडी फळ्याजवळ, माझी वीट मागच्या कोपऱ्यात. मुलांना नावं नाहीत, नुसती अक्षरं. बाई 'म'. कोणाला विचारलं की त्या अक्षरापुढे एक रेघ.

वर्गात पूर्ण वाक्यं लिहीत बसलं की पोरं माझ्याकडे बघतात आणि नाटक करतात. म्हणून आता दोन-दोन शब्द टिपते, मान वर ठेवते. सुटल्यावर लगेच, घरी जायच्या आत, गढीखालच्या चहाच्या दुकानात बसून सगळं भरून काढते. उशीर केला की आठवण स्वतःच्या पदरचं घालायला लागते, हे दोनदा अनुभवलं. काल मी लिहिलं होतं, बाईंनी फळ्यावर छडी आपटली. आज पाहिलं, वर्गात छडीच नाही. फळा पुसायचा लाकडी डस्टर आहे.

हाशमी म्हणतो त्यात तथ्य आहे म्हणा. त्याला हे कळवणार नाही.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

रेघा मोजल्या. तीन दिवसांत प्रत्येक मुलाला बाईंनी निदान चारदा उभं केलं. एकीला सोडून. तिसऱ्या रांगेत शेवटच्या बाकावर एकटी बसते ती. नकाशात तिचं अक्षर 'उ'. बारीक मुलगी, तपकिरी स्वेटर, बाह्या तळहातापर्यंत ओढलेल्या. तिच्यापुढे एकही रेघ नाही.

तिला कोणी विचारत नाही आणि ती हात वर करत नाही. बाईंची नजर तिसऱ्या रांगेत शेवटच्या आधीच्या बाकापर्यंत जाते आणि फिरते.

अखेर मला माझा प्रबंध सापडला. वर्गात कोण बोलत नाही? ही. का नाही? बाई बोलू देत नाहीत म्हणून.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

आजच्या वहीतला तुकडा इथेही उतरवते, कारण संताप आलाय.

डावीकडे: "९.१२ म फळ्यावर गणित लिहितात. मुलं पाट्यांवर सोडवतात. ९.१५ म रांगांमधून फिरतात. ९.१६ तिसऱ्या रांगेत शेवटच्या बाकाशी थांबतात. बोटाने बाकावर दोनदा टकटक. उ मान खाली. ९.१७ म फळ्याकडे. म्हणतात, 'मागून कोणीतरी म्हणतंय तीनशे बारा. बरोबर का?' वर्ग: 'बरोबर.'"

उजवीकडे: "मागून कोणी काहीही म्हणालेलं नाही. मी मागेच बसले आहे. बाई सरळ खोटं बोलतात. आणि त्या मुलीपाशी जाऊन रोज बाकावर टकटक करून धाक घालतात, ती मान वर करत नाही."

आज चार वेळा हेच झालं. 'मागून कोणीतरी म्हणतंय' हे बाईंचं पालुपदच आहे. आणि वर्ग मुकाट्याने मान डोलावतो. एवढ्याशा पोरांना खोट्यात सामील करून घ्यायचं म्हणजे कमाल झाली.

सुट्टीत धीर करून बाईंना म्हटलं, "त्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला तुम्ही कधी उभं करत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सात-आठ सेकंद असतील. (मी मोजायला लागलेय.) म्हणाल्या, "तुझ्या पत्रात लिहिलंय की तू बघणार. बघ."

"मी विचारतेय."

"तू विचारत नाहीयेस. तू ठरवून आलीयस. बाजूला हो, मला शेगडी लावायची आहे."

गुरुवार, २८ फेब्रुवारी

लझर सरांनी बोलावलं. माझा परवानगीचा कागद पहिल्या तारखेपर्यंतच आहे म्हणे. पाच आठवडे कुठेतरी चुकून तीन झाले. वाढवून देतो म्हणाले, फक्त वरच्या कार्यालयाला कळवावं लागेल की काम कसं चाललंय. "दोन पानं द्या. गोषवारा. निष्कर्षासारखं काही. पूर्ण वही नको, ती तुमची खाजगी."

मी दिली. उजव्या रकान्यातून काढलेली दोन पानं. बाई एका मुलीला सलग डावलतात, तिच्या बाकाशी जाऊन धाक घालतात, न दिलेली उत्तरं दिली म्हणून सांगतात. नाव कोणाचंच नाही, नुसतं 'म' आणि 'उ'.

सरांनी तिथेच वाचलं. "फार बारकाईने बघता तुम्ही," म्हणाले. मुदत दोन आठवड्यांनी वाढवल्याचा कागद लगेच सही करून दिला. इतकं झटपट काम या शाळेत कधी झालेलं मी पाहिलं नाही.

हेही लिहून ठेवते, पानं देताना हात अडला नाही. उलट बरं वाटलं. पहिल्या दिवशी कपात तोंड घालून कोणीतरी हसलं होतं, ते डोळ्यांपुढे आलं.

सोमवार, ४ मार्च

सकाळी वर्गाच्या दारात मब्रूकाबाई उभ्या होत्या. हातात कागद. पोरं आत होती, तरी त्यांनी आवाज खाली केला नाही.

"हे तुझं."

माझी दोन पानं. छायाप्रत. वर लाल शिक्का, खाली चौकशीची तारीख. विद्यार्थिनीचा मानसिक छळ, शिक्षिका मब्रूका गोज्जी. 'म'चं पूर्ण नाव झालं होतं. 'उ'चंही. उमैमा.

"मी हे यासाठी दिलं नव्हतं," मी म्हटलं.

"मग कशासाठी दिलंस?"

मी कागद घ्यायला हात पुढे केला.

"लझरने तीन वर्षं माझ्याविरुद्ध कागद शोधला," त्या म्हणाल्या. "ग्रंथालय बंद करून तिथे खुर्ची टाकून बसला, ते मी गावभर केलं, तेव्हापासून. त्याला मिळाला नाही. तू तीन आठवड्यांत दिलास. जा, बस तुझ्या जागेवर. परवानगी आहे ना तुझ्याकडे."

मी बसले. का बसले ते कळत नाही. दिवसभर वर्गात एकदाही 'मागून कोणीतरी म्हणतंय' ऐकू आलं नाही. बाई तिसऱ्या रांगेत गेल्याच नाहीत. उमैमा पाटीवर लिहून बसली होती, पाटी छातीशी धरून वाट पाहत. बराच वेळ. मग तिने बाहीने ती पुसून टाकली.

हे मी डावीकडे लिहिलं. उजवीकडे काही लिहिता आलं नाही.

बुधवार, ६ मार्च

चौकशीआधी वर्ग पाहायला निरीक्षकबाई आल्या. चष्मा, काळी पिशवी, आवाज मऊ. वाईट नव्हती बाई. मागे माझ्याशेजारी बसल्या. लझर सर दाराशी उभे होते.

तासाच्या मध्यावर निरीक्षकबाई म्हणाल्या, "उमैमा कोण? बाळ, तू वाच बघू."

मब्रूकाबाई म्हणाल्या, "तिला नको."

"का नको?" लझर सर म्हणाले. "तीच तर तक्रार आहे. तिला वाचू द्या ना."

वहीत हे असं आहे:

"१०.०४ उ उभी राहते. पुस्तक दोन्ही हातांत. १०.०५ ओठ हलतात, आवाज नाही. मान उजवीकडे झटका घेते. १०.०६ 'क', 'क', 'क'. थांबते. डोळे मिटलेले. वर्गात कोणी हलत नाही. १०.०७ पहिला शब्द अजून पूर्ण नाही. बाही तोंडात धरते. १०.०८ म म्हणतात, 'पुरे.' निरीक्षकांची परवानगी न घेता जाऊन तिला खांद्याला धरून बसवतात."

चार मिनिटं ते लेकरू उभं होतं आणि मी चार मिनिटं घड्याळ पाहून लिहीत होते. हात आपोआप चालला.

मुलीला बोलताना अडखळायला होतं. शाळेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पहिलीपासून. मला सोडून प्रत्येकाला.

सुटल्यावर रिताज फाटकाशी थांबली होती. या वेळी चोमडेपणा नव्हता.

"बाई तिची पाटी बघतात," ती म्हणाली. "बाई बाकावर दोनदा वाजवतात, तिला दाखवायची असली तर ती पाटी त्यांच्याकडे फिरवते. मग बाई तिचं उत्तर सांगतात. रोज. तुम्हाला दिसत होतं ना?"

"तुम्ही कोणी मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही पोलीस ना," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी एका मुलाला सरांनी असंच लिहून 'विशेष' शाळेत पाठवलं. तिकडे लांब काफ्साला की कुठे. तो मग शाळेतच गेला नाही. आता उमैमाला पण पाठवणार का?"

गुरुवार, ७ मार्च

शाळेत गेले नाही. सकाळपासून मावशीच्या स्वयंपाकघरात बसून हिरवी वही पहिल्या पानापासून वाचली. उजवा रकाना हाताने झाकून.

सगळं तिथेच आहे. बाई थांबल्या. दोनदा वाजवलं. मुलीने पाटी फिरवली, हेसुद्धा मी सात ठिकाणी लिहिलंय, 'उ पाटी हलवते'. बाई फळ्यापाशी गेल्या. 'मागून कोणीतरी म्हणतंय.' वर्ग म्हणाला, बरोबर. एकतीस वेळा. मी एकतीस वेळा डोळ्यांनी पाहिलं, हाताने लिहिलं आणि शेजारच्या रकान्यात एकतीस वेळा बाईंना शिव्या घातल्या.

मावशी भाजी चिरत होती. म्हणाली, "उद्या चौकशी ना? तू जाऊ नकोस. तू केलंस तेवढं पुष्कळ झालं."

"जाणार आहे."

"अगं, मुख्याध्यापक तुझी परवानगी काढून घेईल. तुझ्या त्या डिगरीचं काय?"

खरं सांगायचं तर डिगरीचा विचार सकाळपासून तीन वेळा येऊन गेला होता. पहिल्यांदा मावशीच्या आधी.

शुक्रवार, ८ मार्च

चौकशी सरांच्या दालनात. त्या रिकाम्या फळ्या कशाच्या ते आज मला दिसलं. अजून एका फळीवर चिकटपट्टी आहे, 'गोष्टी, तिसरी-चौथी'. महिनाभर मी तिथे कॉफी पीत होते.

मब्रूकाबाई भिंतीशी बसल्या होत्या, करडा रुमाल, पिशवी मांडीवर. माझ्याकडे पाहिलं नाही.

निरीक्षकबाईंनी माझी दोन पानं पुढे ठेवली. "हे तुम्ही लिहिलंय?"

"हो. आणि ते चूक आहे."

लझर सर हसले. "दलिला, तुम्ही संशोधक. तुमच्याच सहीचा कागद आहे."

"म्हणूनच सांगतेय. त्यात माझं मत आहे. मी काय पाहिलं ते या वहीत आहे."

"वही खाजगी असते असं तुम्हीच..."

"तुम्ही म्हणाला होतात, सर. मी नाही."

निरीक्षकबाईंनी हात केला, वाचा. मी डावा रकाना वाचला. फक्त डावा. तारीख, वेळ, कोण कुठे गेलं, काय वाजलं, कोण काय म्हणालं. पन्नास मिनिटं लागली. मध्ये लझर सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं, एकदा बाहेर जाऊन आले.

निरीक्षकबाईंनी विचारलं, "पाटीवर काय लिहिलेलं असायचं, ते तुम्हाला दिसलं?"

"नाही. माझ्या जागेवरून पाटीची पाठ दिसते."

"मग उत्तर तिचंच होतं, हे कशावरून?"

काल संध्याकाळपासून याच प्रश्नाची भीती वाटत होती. 'ते उघड आहे' असं म्हणायचा फार मोह झाला. म्हटलं, "मी ते सांगू शकत नाही. एवढंच सांगते, 'मागून कोणीतरी म्हणतंय' असं बाई एकतीस वेळा म्हणाल्या, आणि एकतीसही वेळा त्याच्या आधी त्या उमैमाच्या बाकाशी थांबल्या होत्या. यापलीकडे मला माहीत नाही."

तेव्हा पहिल्यांदा मब्रूकाबाईंनी मान वळवली. पिशवीतून एक शाळकरी वही काढून टेबलावर ठेवली. उमैमाची. नोव्हेंबरपासून रोजचं उत्तर, मुलीच्या अक्षरात, खाली बाईंची तारीख. निरीक्षकबाईंनी तीनशे बारा शोधलं. २६ फेब्रुवारी. माझ्या वहीतली तीच तारीख.

तक्रार बंद झाली. मुलगी वर्षअखेरपर्यंत याच वर्गात राहील असंही लिहिलं गेलं. लझर सरांनी मला दारातच सांगितलं, "सोमवारपासून यायची गरज नाही. तुमचं काम झालेलं दिसतंय."

बाहेर पटांगणात मी बाईंना गाठलं. "मी आधी नीट विचारायला हवं होतं," म्हटलं.

"विचारलं असतंस तरी मी सांगितलं नसतं," त्या म्हणाल्या आणि चालू लागल्या.

मंगळवार, १२ मार्च

उमैमा गुरुवारपासून शाळेत आलेली नाही. रिताजच्या आईने मावशीला सांगितलं. मब्रूकाबाई रोज दुपारी तिच्या घरी जातात. आईचं म्हणणं, पोरगी पाटी हातात घेत नाही. अनोळखी माणसासमोर उभं केलं, त्याचं तिला फार लागलंय.

मी आज दुपारी त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. बाई परत येताना दिसल्या. त्यांनी मला पाहिलं आणि रस्त्याच्या मधोमध थांबल्या.

"तू इथे यायचं नाहीस."

"मला फक्त तिची माफी..."

"तुला बरं वाटावं म्हणून तिने परत एका परक्या बाईसमोर उभं राहायचं?"

मी मागे फिरले. चढावर वारं इतकं होतं की डोळ्यांतून पाणी आलं. वाऱ्यानेच आलं असं लिहून ठेवते. उजव्या रकान्यात.

हाशमींना कळवलं की परवानगी गेली आणि का गेली. उत्तर एक ओळीचं. "वही जपा."

शुक्रवार, १५ मार्च

उद्यापासून वसंताची सुट्टी. आज दुपारी रिताज मावशीच्या दारात. "बाईंनी बोलावलंय. हिरवी वही घेऊन. उमैमा बुधवारी आली," असं एका दमात सांगून पळाली.

शाळा सुटलेली होती. वर्गात बाई एकट्याच, कोट घालून बसलेल्या, शेगडी बंद. मला बस म्हणाल्या नाहीत. हात पुढे केला. मी वही दिली.

त्यांनी पिशवीतून लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. मी उभी. पहिल्या आठवड्याच्या पानांवर पेन थांबतच नव्हतं. 'वैतागून' खोडलं. 'क्रूरपणे' खोडलं. दोन ठिकाणी अरबीतली हमजाची खूण चुकली होती, ती सुधारली. एका जागी म्हणाल्या, "इथे भागाकार होता. वजाबाकी नव्हे." मी म्हटलं, हो. "हो नाही. लिही." त्यांच्याच पेनने मला लिहायला लावलं.

रकाने सुरू झाल्यावर पेन मंदावलं. डावीकडे क्वचित एखादी खूण, उजवीकडे सरळ उभी रेघ, वरपासून खालपर्यंत, प्रत्येक पानाला.

सहा मार्चच्या पानाशी त्या थांबल्या. १०.०४ ते १०.०८. बराच वेळ वाचत होत्या, एवढ्या पाच ओळींना लागतो त्याहून पुष्कळ जास्त. पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. त्या पानावर एकही खूण केली नाही.

"कशी आहे ती?" मी विचारलं.

"आली. बसली. पाटी दप्तरात आहे, बाहेर काढत नाही. सप्टेंबरात पण काढत नव्हती." पान उलटलं. "तेव्हा नोव्हेंबर उजाडला होता."

शेवटच्या पानावर त्यांनी तारीख घातली, सही केली, आणि वर कोपऱ्यात आकडा लिहून त्याभोवती गोल काढला. विसापैकी सात. पास व्हायला दहा लागतात.

मग उठून त्यांनी वही मुलांच्या वह्यांच्या कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

"बाई, माझा प्रबंध..."

"माझ्या वर्गातलं आहे ते. वर्गातच राहील."

मी भांडले नाही. दारापर्यंत गेले आणि थांबले. राग होता, अजून आहे. पण दुसरंही एक विचारायचं होतं.

"सात कशाचे दिले?"

बाई खिडकीची कडी लावत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "वेळा बरोबर आहेत."